एक हजार खोक्यांची कुजबुज

बिनतारी बाई पहिल्यांदा कंट्रोल रूममध्ये आल्या, तेव्हा साहेबांच्या कपातला चहा बशीत उतरला, भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे गेलं, आणि खाली गेटवरच्या वॉचमनने आपल्यालाच हाक आली असं समजून सलाम ठोकला. बाई फक्त "येऊ का?" एवढंच म्हणाल्या होत्या.

पाणीखात्याच्या तक्रारखिडकीवर अकरा वर्षं तापवलेला आवाज होता तो. बाईंना कळलेली गोष्ट जेवणाच्या सुट्टीआधी चारही मजल्यांवर पोचायची, म्हणून हे नाव. त्यात त्यांनी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन प्रोग्रॅमिंग शिकून घेतलेलं, म्हणून बदली इथे. साहेबांनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

शहरातल्या हजार व्हॉल्व्हांवर ते उघडबंद करणारी हजार खोकी होती. पाइप फुटला की मुख्य मशीन एकेका खोक्याला 'बंद हो' सांगत बसे. शेवटच्याची पाळी येईपर्यंत अर्धा तास जाई आणि बाजारात चपला तरंगू लागत.

बाईंचं म्हणणं, मशीनने एकालाच सांगावं. मग ज्याला ज्याला कळलंय त्या खोक्याने दर सेकंदाला चिठ्ठी काढावी, आणि जो नंबर निघेल त्याच्या कानात सांगावं.

"पण कोणी कोणाला सांगायचं, हे ठरवणार कोण?"

"कोणीच नाही, साहेब. ठरवलं की मधला एक आजारी पडतो आणि पुढचे सगळे अडतात. माझं लग्न ठरलं तेव्हा कोणी काय ठरवलं होतं? मला सांगायच्या आधी गल्लीला माहीत."

पहिल्या चाचणीत फजिती झाली. बाईंनी हजारही खोक्यांना एकाच क्रमाने लावलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिला होता. त्यामुळे दर सेकंदाला सगळ्यांची चिठ्ठी तीच निघे, आणि शेकडो खोकी मिळून एकाच बिचाऱ्याच्या कानाला लागत. दहा मिनिटांत निम्म्यांनाही पत्ता नाही. खात्याच्या संचालकांनी बजावलं, सोमवारी जमलं नाही तर बाई परत खिडकीवर.

बाईंनी चार दिवस कोणाशी चकार शब्द काढला नाही. कार्यालय घाबरलं. मग त्यांनी प्रत्येक खोक्याला आपापल्या पाइपातल्या पाण्याच्या दाबावरून चिठ्ठी काढायला शिकवलं; तो दाब कुठल्याही दोन पाइपांत सारखा नसतो.

सोमवारी साहेबांनी गुपचूप पन्नास खोकी बंद करून ठेवली. पहिला निरोप गेला, तशी मुख्य मशीनची वायरही उपटली. पडद्यावर एक हिरवा ठिपका, मग दोन, चार, आठ, आणि मग मोजायला सवडच मिळेना. एकोणिसाव्या सेकंदाला साडेनऊशे हिरवे. साहेब खुर्चीवर उभे होते. कधी चढले, त्यांनाही आठवेना.

"ते पन्नास?" बाईंनी विचारलं.

"मीच बंद केलेत."

"करा की सुरू. बाकीची त्यांनाही सांगतील."

साहेबांनी बटण दाबलं. दोन-चार सेकंदांत पन्नासही हिरवे. संचालकांनी टाळ्या वाजवल्या, आणि बाई ज्या काही हसल्या, तो आवाज ऐकून वॉचमनने पुन्हा सलाम ठोकला.

ती व्यवस्था सहा वर्षं चालली. नंतर नवी खोकी आली, ती ही कुजबुज कंपनीकडूनच शिकून आली. जुनी हजार खोकी भंगारात गेली. त्या यादीवर सही बाईंचीच आहे.