हाताला न लागलेली दोरी

उसाच्या रसाच्या गाडीला मी घाबरते, हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं आहे का ते? माणसानं वाघाला घाबरावं, चोराला घाबरावं. मी रसायनशास्त्रात बीएस्सी झालेली बाई, आणि बडोद्याच्या लहरीपुऱ्यात रसाच्या गाडीची घुंगरं वाजली की ओढणीत हात लपवून उलट्या दिशेनं चालायला लागायचे.

हाताचं आधी सांगते. सावलीजवळ रबराचे सुटे भाग करणारा एक कारखाना आहे, तिथल्या लॅबमध्ये मी काम करते. रबरात घातलेली रसायनं नीट मिसळलीत का, हे तपासायला आमच्याकडे एक छोटी मिल आहे. मिल म्हणजे शेजारी शेजारी आडवे दोन लोखंडी रूळ, एकमेकांकडे फिरणारे. वरून रबर टाकायचं, ते मधल्या फटीतून खाली उतरतं, सुरीनं कापायचं, घडी घालायची, पुन्हा वर टाकायचं. एका दुपारी घडीबरोबर माझा हातमोजा आत गेला. मोज्यात हात होता.

उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आता अर्धं अर्धं आहे. मधलं बोट पूर्ण आहे, पण कितीतरी दिवस ते वाकायला तयार नव्हतं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. फौज गेली, पुढच्या पिढ्या मिळेल त्या कामाला लागल्या, आणि बाबा बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन उभे राहिले. खंडेनवमीला आमच्याकडे पणजोबांची गंजलेली तलवार पाटावर मांडतात. मी पदवीधर झाले त्या वर्षापासून बाबा तलवारीशेजारी माझी पदवीही मांडतात. तिलाही फूल, तिलाही हळदकुंकू. लोक हसतात. हसू देत. मला त्याचा अभिमान वाटतो.

अशा घरात भीती वाटते म्हणायची सोय नसते. हात बँडेजमध्ये असताना बाबा रोज पलंगाशी येऊन म्हणायचे, "आपल्या घरात भित्रं कुणी जन्मलं नाही."

आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "झुरळ दिसलं की कॉटवर कोण चढतं मग?"

"झुरळ वेगळं."

मी हसायचे. बाबा गेले की डोळे मिटायचे, आणि मिटल्या डोळ्यांपुढे ते दोन रूळ फिरायला लागायचे.

टाके निघाल्यावर कारखान्यातले एचआरचे साहेब सफरचंदं घेऊन घरी आले. माणूस वाईट नाही. म्हणाले, "बेन, टेन्शन नहीं लेवानुं. रिसेप्शनवर बसा. एसी आहे. फोन उचलायचा, आल्यागेल्याला पाणी विचारायचं."

"आणि लॅब?"

"लॅबमां तो हाथ जोईए ने." लॅबमध्ये हात लागतो ना.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हात आहे मला."

शेवटी ठरलं ते असं. मी पुनर्वसन केंद्रात जाऊन हात कामाचा करून घ्यायचा. मग लॅबमध्ये मिलवर एक दिवस काम करून दाखवायचं. जमलं तर माझी जागा माझी. नाही जमलं तर रिसेप्शन, तेही कायमचं. साहेब गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. जमणार नाही, हे मला त्या वेळीच ठाऊक होतं. हाताची काळजी नव्हती. मिलसमोर उभंच राहता येणार नाही, याची होती.

केंद्र वासण्याला. कामावर जखमी झालेल्यांना पुन्हा कामाला लावणं, एवढंच तिथलं काम. हाताचा व्यायाम घेणाऱ्या बेन गुजराती, पण लहानपण मराठी शेजारात गेलेलं, त्यामुळे बोलणं अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. त्यांनी मला कणीक मळायला लावली, दोरीला कपड्यांचे चिमटे लावायला लावले, बरण्यांची झाकणं उघडायला लावली. मधलं बोट कुरकुर करत वाकायला लागलं. मग त्यांनी कुठूनसा जुना टायरचा पट्टा आणला आणि तो सुरीनं कापून घड्या घालायला सांगितलं. मी घातल्या.

"हाथ तो सरस थई गयो," बेन म्हणाल्या. "पण मी मिलचं नाव काढलं की हा जातो कुठे?"

मी पाहिलं. हात पाठीमागे गेला होता, ओढणीखाली. मी नेला नव्हता.

"बीक लागे छे? भीती वाटते?"

"नाही."

"सारू. मग उद्या रस प्यायला जाऊ."

मी ओढणी हातावर आणखी ओढून घेतली. त्याच म्हणाल्या, "आमच्याकडे मिल कुठून येणार? पण बडोद्यात दोन रूळ नाक्यानाक्यावर फिरतायत. फुकटात."

पहिल्या दिवशी आम्ही लहरीपुऱ्यात एका चपलांच्या दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिलो. रसाची गाडी रस्त्याच्या पलीकडे. मधून स्कूटर, रिक्षा, साड्यांच्या पिशव्या घेतलेल्या बायका. तरी मला फक्त ते रूळ दिसत होते. ऊस आत जायचा तेव्हा आधी कडकड आवाज यायचा, मग चिपाड चपटं होऊन पलीकडे पडायचं. बोटांचा जो भाग उरलेलाच नाही, नेमका तोच ठणकायला लागला.

"जाऊ या," मी म्हटलं.

"जाऊ. उद्या परत येऊ."

रोज आम्ही थोड्या थोड्या पुढे सरकत गेलो. चपलांच्या पायरीवरून बांगड्यांच्या गाडीपाशी, तिथून रस्ता ओलांडून. रसवाल्यानं आम्हाला हेरलं होतं. गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "आ बेन रोज जुए छे, पीती नथी. ग्राहक छे के इन्स्पेक्टर?" ही रोज नुसती बघते, पीत नाही, असं.

बेन म्हणाल्या, "इन्स्पेक्टर. बर्फ बघायला आलोय तुझा."

त्यानं घाईनं बर्फावर फडकं टाकलं. मला हसू आलं. त्या हसण्यातच मी गाडीच्या अगदी जवळ गेले. त्याच क्षणी त्यानं उसाची कांडी रुळांत सारली, कांडी अडकली, आणि ती आत ढकलायला त्याचा तळहात पुढे गेला.

"हात!" मी किंचाळले.

सगळा रस्ता वळून पाहायला लागला. रसवाला दचकला, मग हसला. "हाथ छे तो मारो छे ने, बेन!" हात आहे तो माझाच ना.

मी विचारलं, "हे थांबवायचं कुठून?"

"एटले? म्हणजे?"

"मशीन. बंद कुठून करतोस?"

त्यानं गाडीच्या दुसऱ्या टोकाला, चिपाडांच्या पोत्यामागे, खाली कुठेतरी बोट दाखवलं. स्विच तिथे होता. त्याचा हात अडकला असता तर त्याला तो सात जन्मात सापडला नसता.

मी तिथेच फुटपाथवर बसले. कारण मला आठवलं.

कसं झालं, असं सगळ्यांनी विचारलं होतं, आणि मी सगळ्यांना हातमोज्याचंच सांगितलं होतं. मलाही तेवढंच आठवत होतं. पण मोजा आत गेल्यावर मी नुसती ओरडले नव्हते. मी डावा हात वर नेला होता. मिलच्या वर आडवी दोरी असते. ती ओढली की मशीन थांबतं. कामावर लागले तेव्हा पहिल्या दिवशी मला तीच दाखवली होती. मी हात वर नेला आणि तिथे दोरी नव्हती. काम करताना डोक्याला, खांद्याला लागते आणि मशीन उगाच बंद पडतं, म्हणून कुणीतरी ती वर पाइपाला गुंडाळून ठेवली होती. मी हवेत मुठी मारत राहिले. शेवटी खोलीच्या दुसऱ्या टोकाहून धावत येऊन काकांनी मेन स्विच पाडला. काका म्हणजे आमचे जुने ऑपरेटर.

मला रात्रंदिवस दिसत होते ते रूळ. पण खरी भीती होती वर गेलेल्या त्या रिकाम्या हाताची. हे मी बेनना रस्त्यावरच सांगितलं, रडत. त्यांनी रसाचे दोन ग्लास मागवले आणि माझ्या डाव्या हातात एक दिला. मी प्यायले. थंडगार होता, दातांना लागला.

कारखान्यात काम करून दाखवायच्या दिवशी बेन माझ्याबरोबर आल्या. लॅबमध्ये एचआरचे साहेब होते, काका होते. काका माझ्या हाताकडे बघत नव्हते. मिल पुसून लख्ख केलेली. आत पाऊल टाकल्याबरोबर मी आधी वर पाहिलं.

दोरी पाइपाला गुंडाळलेली होती.

कानात घुंगरं वाजायला लागली. साहेब म्हणाले, "चालो बेन, शुरू करिए?"

"आधी ती दोरी सोडा."

"अपघातानंतर सोडली होती," काका पुटपुटले. "सारखं मशीन बंद पडायचं. परत कुणी बांधली, ठाऊक नाही."

साहेब अगदी मायेनं म्हणाले, "बेन, डर लागतो असेल तर जबरदस्ती नाही. रिसेप्शन आहेच की."

घरातली तलवार, पाटावरची पदवी, बाबा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. खोटं बोलायला तोंड उघडलंही होतं. पण नुसतं "नाही" म्हटलं असतं, तर ती दोरी तिथेच राहिली असती.

"लागतो," मी म्हटलं. "फार लागतो. म्हणूनच सोडा म्हणते. ती खाली आल्याशिवाय मी हात लावणार नाही, आणि काका, तुम्हीही लावू नका."

काकाच स्टुलावर चढले. गाठ घट्ट बसली होती, त्यांनी ती दातांनी सोडवली. मी मिल चालू करायला सांगितली, रिकामीच. रूळ फिरायला लागले. मी डावा हात वर नेला. दोरी हाताला लागली. ओढली.

मशीन बंद पडलं. पण रूळ जागच्या जागी थांबत नाहीत, थोडेसे पुढे फिरतात, मगच थांबतात. तेवढ्या फिरण्यात काय होऊ शकतं, ते मला समजतं. त्या दिवशी दोरी असती तर माझं कमी गेलं असतं. काहीच गेलं नसतं, असं नाही.

मग मी मोजे न घालता, उघड्या हातांनी रबर घेतलं आणि वर टाकलं.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "घाबरली नाहीस ना?"

"घाबरले."

बाबांचा घास हातातच राहिला. आई म्हणाली, "बरं झालं बोललीस. वाढू का आणखी भात?"

लॅबमधली जागा मला मिळाली. रोज सकाळी पहिलं काम तेच, रिकामी मिल चालवायची आणि दोरी ओढायची. काका चिडवतात, "वाजवलीस का देवळातली घंटा?" मी हो म्हणते. पण ते नंतर. आधी रूळ पूर्ण थांबावे लागतात, आणि ते थांबेपर्यंत अजूनही माझा श्वास अडकलेला असतो.