गुडघ्याची पट्टी

बास्केटबॉलमध्ये मी काही मोठी खेळाडू नव्हते, हे आधीच सांगून टाकते. पण नियम म्हणाल, तर आख्ख्या कोल्हापुरात माझ्याइतके कुणाला पाठ नव्हते, यावर मी आजही पैज लावायला तयार आहे. मुरगूडहून शिकायला शाहूपुरीत आत्याकडे आले, शाळेच्या संघात घुसले आणि तीन वर्षं बहुतेक बाकावर बसून काढली. बाकावर बसून माणूस करणार काय? मी नियमांचं पुस्तक वाचायचे.

आमचे सर मूळचे पैलवान, तालमीतून थेट शाळेत आलेले. मेहनत करून घेण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण नियमांचं नाव काढलं की कपाळाला आठ्या. त्यांच्या खिशात कागदाच्या पुडीत कायम हळद असायची. कुणाचं ढोपर फुटलं की चिमूटभर हळद दाबायची, पाठीत थाप द्यायची आणि परत मैदानात पाठवायचं. तालमीत असंच असतं म्हणे.

आम्हा राखीव पोरींचीही एक खोड होती. गुडघ्याला पांढरी क्रेपची पट्टी गुंडाळायची. दुखत काही नसायचं. पण पट्टी असली की बघणाऱ्याला वाटायचं, ही खेळून खेळून जायबंदी झालेली दिसते. माझी पट्टी तर रोज धुतलेली, पांढरीशुभ्र.

दहावीच्या वर्षी आम्ही जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचलो. दोन हजार साल नुकतंच मागं पडलं होतं. पुढं बोर्डाची परीक्षा, मग शाळाच संपणार, म्हणजे माझी ही शेवटची मॅच. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला खेळताना एकदाही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी उसाला तोड आलेली, फडात टोळी उतरलेली, तरी सगळं चुलत्यांवर टाकून ते सकाळच्या एसटीनं आले.

"आज खेळणार न्हवं?" त्यांनी विचारलं.

"खेळणार की!" मी ठासून सांगितलं. सरांनी तसा शब्द दिलेला नव्हता. मीच ठरवून टाकलं होतं.

शेवटची तीन मिनिटं उरली तेव्हा आम्ही दोन गुणांनी पुढं होतो. बास्केटखाली झटापट झाली आणि आमच्या कॅप्टनच्या भुवईवर कुणाचं तरी कोपर बसलं. रक्त पार हनुवटीपर्यंत आलं. पंचांनी शिट्टी मारून आमच्या बाकाकडं हात केला. रक्त येत असेल तर खेळाडूला आत थांबता येत नाही, बदली द्यावी लागते.

"जा गं," सर मला म्हणाले.

मी जाकीट भिरकावलं आणि गुण मांडणाऱ्यांच्या टेबलाकडं निघाले. गर्दीत आबा उठून उभे राहिलेले दिसले. टेबलावर आपला नंबर सांगायचा, भोंगा वाजला की आत जायचं, एवढंच बाकी होतं. आणि टेबल तीन पावलांवर असताना मला पुस्तकातलं ते पान आठवलं. बदलीचा भोंगा वाजायच्या आत टाइमआउट मिळाला, आणि त्या एका मिनिटात रक्त थांबून जखम झाकली गेली, तर तोच खेळाडू पुढं खेळू शकतो.

खोटं कशाला बोलू, गप बसावं असं फार वाटलं. सरांना तो नियम माहीत नव्हता, कॅप्टनला नव्हता, कुणाला कळलंही नसतं. पण कॅप्टन भुवईवर तळहात दाबून तिथंच उभी होती, जागची हलायला तयार नव्हती. आणि माझा खेळ मला चांगला माहीत होता. मी आत गेले असते तर ते दोन गुण टिकले नसते.

मी मागं फिरले. "सर, टाइमआउट मागा!"

"आगं, तिचं रगात चाललंय, आन टायमाउट काय मागतीस?"

"मागा म्हणते न्हवं! मी मागून चालत न्हाय, कोचनंच मागायचा असतोय!"

सरांवर मी पहिल्यांदाच ओरडले होते. ते इतके दचकले, की मुकाट्यानं टेबलाकडं जाऊन टाइमआउट मागून आले.

मग पुडी निघाली. हळदीनं रक्त थांबलं, तेवढं श्रेय तिला दिलंच पाहिजे. सरांनी कॅप्टनच्या पाठीत थाप मारली, "जा आता!" पंचांनी जवळ येऊन पाहिलं आणि मान हलवली. "जखम उघडी आहे. पूर्ण झाकलेली पाहिजे."

"आवो, हळद हाय की वर!"

"हळद चालणार नाही."

सर वाद घालायच्या पवित्र्यात आले. प्रथमोपचाराची पेटी शाळेच्या कपाटात बंद होती, आणि मिनिट काही आमच्यासाठी थांबणार नव्हतं. मी खाली बसले, गुडघ्याची पट्टी उलगडली आणि कॅप्टनच्या कपाळाभोवती गुंडाळली.

"आवळून बांध," ती म्हणाली.

मी आवळून गाठ मारली. पंचांनी बोटानं चाचपून पाहिलं, मान डोलावली. कॅप्टन आत गेली. मी एक गुडघा उघडा घेऊन बाकावर बसले आणि आबांकडं बघायचं टाळलं.

आम्ही चार गुणांनी जिंकलो. कॅप्टनला पोरींनी खांद्यावर घेतलं, तिच्या कपाळावरची माझी पट्टी पार पिवळी झाली होती.

स्टँडवर जाताना आबांनी विचारलं, "तुला उठिवलंतं की. मग परत का बसलीस?"

मी नियम सांगितला.

"आन त्यो नियम सरास्नी कुणी सांगिटला?"

"मी."

आबांनी डोक्यावरची टोपी काढून झटकली. मग म्हणाले, "फुडच्या बारीला गप बसायचं."

पुढची बारी येणारच नव्हती. मी केलं ते बरोबर होतं, आजही तेच करीन. पण एवढा माणूस तोड सोडून आला आणि त्याला लेकीचा खेळ दिसला नाही, याचं तेव्हा मला रडू आलं. मी तोंड फिरवून एसटीची पाटी वाचत राहिले.

मागून आबांचा आवाज आला. रांगेतल्या कुणा अनोळखी माणसाला ते मोठ्यानं सांगत होते, "पावणं, ही आमची लेक. हिला समदं नियम पाठ हाईत. आज पंचाला बी मान डोलवाय लागली."