बहिणीच्या हातातला टेस्ट लॅम्प

माझ्या गाडीचे मागचे दिवे लागेनासे झाले, म्हणून मी धाकट्या बहिणीच्या, सुनंदाच्या गॅरेजवर गेलो. गॅरेज मूळचं बाबांचं. ते गेल्यापासून वायरिंगची कामं तीच करते.

तिनं डिकीतलं आवरण काढलं. आत पाच-सहा वायरी होत्या.

"ब्रेकची लाल असेल ना?" मी विचारलं.

"रंगावर जायचं नाही, दादा. आधी कुणी काय जोडून ठेवलंय, काय सांगावं?"

टेस्ट लॅम्पचा चिमटा तिनं गाडीच्या उघड्या पत्र्याला लावला आणि टोक एकेका जोडाला टेकवत गेली. "ब्रेक दाब." लॅम्प लागला. "सोड." विझला. "हीच ती. करंट येतोय, बल्बही शाबूत आहेत. म्हणजे अर्थची वायर तुटलीय."

बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडवूनच तिनं तुटकी वायर हातात घेतली. तिची बोटं थेट बाबांसारखी चालत होती, आणि मला चक्क तिचा हेवा वाटला. बाबांनी मला इंजिनिअर केलं, पण रोज संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसायची ती. जमीन असती तर वाटून मागता आली असती. हे कसं मागायचं?

"आण, मी जोडतो," मी म्हणालो.

"राहू दे. शर्ट काळा होईल तुझा."

हे वाक्य बाबांचं. लहानपणी मी गॅरेजच्या दारात दिसलो की ते हेच म्हणायचे, आणि मी मुकाट्यानं अभ्यासाला जायचो.

आज गेलो नाही. बाह्या वर सारून तिथंच उकिडवा बसलो. सुनंदानं माझ्याकडे पाहिलं आणि थोडी सरकून जागा दिली.