जाऊबाईंच्या खिडकीतली बाळंतीण

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी ज्याची काळजी केलेली नाही असा एकही विषय मला डहाणू तालुक्यात आजवर सापडलेला नाही. तलासरीत एखादा असेलही, पण तिथे माझं माहेर आहे, म्हणजे तोही त्यांच्याच हद्दीत येतो. सरावलीत आम्ही एकाच इमारतीत राहतो, त्या पहिल्या मजल्यावर आणि मी त्यांच्या डोक्यावर. मी रोज एसटीने तलासरीला शाळेत शिकवायला जाते. पोचल्याचा फोन केला की त्या विचारतात, "पोचलीस ते बरं झालं, पण परत कशी येणार?" दूध उतू गेलं तर गॅस विझेल ही काळजी आणि नाही गेलं तर दुधात पाणी असेल ही काळजी. आमचे भाऊजी रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हा सगळे त्यांना हार घालत होते, आणि ह्या कोपऱ्यात मला हळूच विचारत होत्या की आता त्या गाड्यांकडे लक्ष कोण देणार. त्यात आमच्या भागात जमीन अधूनमधून हलते. भांडी किणकिणतात, पंखा डुलतो आणि सवयीची माणसं हातातला चहा संपवून मग बाहेर येतात. जाऊबाईंनी मात्र फ्रिजवर पाण्याची वाटी ठेवली होती आणि येता-जाता त्या तिच्यात डोकावत. एकदा फ्रिजचीच मोटर सुरू झाली, वाटीतलं पाणी थरथरलं आणि त्यांनी अख्खी इमारत खाली उतरवली. उतरलेल्यांत एक गृहस्थ अर्ध्या दाढीला साबण लावून उभे होते. त्यांना सर्दी होईल म्हणून जाऊबाईंनी पुन्हा वर पाठवलं.

गेल्या वर्षी त्यांची लेक मेघना माहेरी आली ती अशा घरात. तिला आधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा चौथा महिना पार पडला नव्हता. या वेळी पाचवा लागला, पण डॉक्टरांनी पलंगावरून फारसं उठायचं नाही असं बजावलं. जाऊबाईंनी तिचा पलंग खिडकीशी लावला, मिक्सर बंद केला, वरच्या मजल्यावर मला चपला घालून चालायची मनाई केली आणि कुकरची शिटी वाजायच्या आत धावत जाऊन गॅस बारीक करू लागल्या. उशी, चादर, डास, पाल, पलंगाचा डावा पाय, सगळ्यांची काळजी करून झाली. फक्त पोटातल्या बाळाबद्दल त्या अवाक्षर काढत नसत. कुणी डोहाळे विचारले की उठून स्वयंपाकघरात जात आणि नळ सोडत.

पडल्यापडल्या मेघनाला खिडकीच्या गजावर एक कोळीण दिसली. राखाडी, केसाळ, पुढे गाडीच्या दिव्यांसारखे दोन मोठे डोळे. ही जाळं विणत नाही, दबा धरून उडी मारते आणि माशी पकडते, हे मेघनाने मोबाईलवर वाचलं. जाऊबाई झाडू घेऊन आल्या होत्या, पण लेक चार दिवसांत पहिल्यांदा हसली म्हणून त्यांनी झाडू मागे लपवला. मग एक दिवस काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा नर आला. पुढचे पाय वर करून तो डावीकडे सरके, उजवीकडे सरके, थांबे, अंग थरथरवे. मेघनाने सांगितलं की त्याचा हा नाच मादीला पसंत पडला तर ठीक, नाहीतर ती कधीकधी त्यालाच खाऊन टाकते. जाऊबाई विचारात पडल्या. "मग त्याच्या घरी कळवतं कोण?" त्या म्हणाल्या.

दोन दिवस नाच चालला, तिसऱ्या दिवशी लग्न लागलं आणि नवरदेव दिसेनासा झाला. जाऊबाईंनी चष्मा लावून खिडकीची सगळी कड धुंडाळली. कुठे पाय-बीय पडलेला नाही अशी खात्री झाल्यावर, "कामावर गेला असेल," असं म्हणून जेवायला बसल्या. पुढे कोळणीने सरकत्या काचेच्या कोपऱ्यात पांढऱ्या रेशमाची चपटी खोळ विणली. आतून काचेतून पाहिलं की खसखशीहून जराशी मोठी, पिवळसर अंडी दिसत आणि त्यांना बिलगून बसलेली ती. त्या दिवसापासून ती खिडकी उघडणं बंद झालं आणि कोळणीचं नाव बाळंतीण पडलं. तिला शिकारीसाठी लांब जावं लागू नये म्हणून जाऊबाई बाहेरच्या कट्ट्यावर पिकलेल्या चिकूची फोड ठेवत, म्हणजे चिलटं तरी घोंघावतील. भाऊजी एकदा म्हणाले की आपल्याला कधी कुणी चिकू कापून दिला नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही काय बाळंत झालाय?"

मग एका दुपारी जमीन जोरात हलली. मी वर्गात होते. मुलांना मैदानात उभं करून घरी फोन लावला, तर जाऊबाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता. मेघना बरी आहे, डॉक्टरांशी बोलणं झालंय, बाळंतीण मात्र खोळीतून बाहेर पडून गजावर नुसती फिरते आहे, असं त्यांनी सांगितलं. चार दिवसांनी शिक्षकखोलीत असताना पुन्हा त्यांचा फोन आला.

"कोळणीने सगळी अंडी खाल्ली गं."

आमच्याकडे दर बुधवारी मासे घेऊन येणारी कोळीण जाऊबाईंसाठी माशांची अंडी, म्हणजे गाबोळी, राखून ठेवायची. मला तीच वाटली. मी म्हटलं, "तिचीच होती ना ताई, खाल्ली तर खाल्ली. पुढच्या बुधवारी आणेल."  पलीकडून हुंदका ऐकू आला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घाबरलेली, उपाशी राहिलेली कोळीण कधीकधी आपलीच अंडी खाते, हेही मेघनाने पूर्वी वाचून दाखवलं होतं. हादरा तिला बसला तसाच आपल्या पोरीलाही बसलाय, हे जाऊबाई बोलल्या नाहीत. "मेघनाला कळता कामा नये," एवढंच बोलल्या. ऊन लागतं या सबबीवर त्यांनी त्या कोपऱ्यावर पडदा ओढून घेतला. मेघनाने पडदा बाजूला करायला सांगितलं नाही, याचं खरं तर आम्हाला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

रविवारी सकाळी जाऊबाई मला घेऊन जवळच्या चिकूवाडीत शिरल्या. हातात स्टीलचा डबा, झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं. तशीच दुसरी बाळंतीण मिळेल म्हणून आम्ही दोघी एकेक पान उलटून पाहत होतो. चिकू उतरवायला आलेली विवळवेढ्याकडची एक बाई बराच वेळ आमच्याकडे पाहत होती. आमचं काय हरवलंय, असं तिने विचारलं. सांगितल्यावर ती हसेल असं मला वाटलं होतं, पण ती टोपली खाली ठेवून आमच्याबरोबर शोधू लागली. दोन पानं रेशमाने एकमेकांना चिकटलेली तिनेच दाखवली, आत अंडी आणि त्यांना बिलगलेली कोळीण. जाऊबाई नुसती अंडी अलगद काढायला लागल्या तेव्हा तिने त्यांचा हात धरला.

"तसा नको बाय. आईसकट ने. आईवाचून पोरां नाय जगत."

तिने डहाळीच मोडून डब्यात ठेवून दिली. परतताना जाऊबाईंनी तीन रिक्षा नाकारल्या. रस्त्याला खड्डे आहेत, धक्का बसला तर ही पण खाईल, असं म्हणत भर उन्हात दोन्ही हातांवर डबा तोलून त्या घरापर्यंत चालत आल्या. समोरून ओळखीचं कुणी आलं तर मान हलवत नव्हत्या, डोळ्यांनीच नमस्कार करत होत्या. मेघना अंघोळीला गेली तेवढ्यात आम्ही जुनी खोळ काढली, जुनी बाळंतीण तर कधीच निघून गेली होती, आणि कोपऱ्यात ती पानं, फट काचेकडे करून, चिकटपट्टीने लावली.

संध्याकाळी चारच्या चहाला जाऊबाईंनी मोठ्या दिमाखात पडदा बाजूला केला. मेघना बराच वेळ पाहत राहिली.

"आई, ही पिवळी आहे."

"बाळंत झाल्यावर रंग उजळतोच," जाऊबाई म्हणाल्या.

"हिच्या पाठीवर दोन तांबड्या रेघा आहेत."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. शिकवणारी बाई म्हणून मी काहीतरी बोलावं अशी त्यांची अपेक्षा होती. मी चहात साखर घातली, ती आधीच घातलेली होती.

मेघना म्हणाली, "मी आधीच पाहिलं होतं, आई. एकेक करून खात होती ती. तुला कळलं तर तू जेवणार नाहीस, म्हणून बोलले नाही."

जाऊबाई पलंगाला टेकून खाली फरशीवरच बसल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या कधी खाली बसत नाहीत. "मला फार भीती वाटते गं," त्या म्हणाल्या.

"मलाही," मेघना म्हणाली आणि तिने आईच्या डोक्यावर हात ठेवला. मी चहाचे कप उचलून आत गेले आणि बराच वेळ विसळत राहिले. बाहेर आले तेव्हा जाऊबाई, बाळ कुठल्या कुशीत लाथ मारतं, असं विचारत होत्या.

वाडीतून आणलेल्या त्या पिवळीने दुसऱ्या दिवशी पानांना नवे धागे ओढले. काही आठवड्यांनी खोळीत टाचणीच्या टोकाएवढी पिल्लं वळवळू लागली आणि वारा सुटलेल्या एका सकाळी एकेक करून निघून गेली. मेघना तीन आठवडे आधीच बाळंत झाली. मुलगी, एवढीशी. अकरा दिवस काचेच्या पेटीत होती आणि अकरा दिवस जाऊबाई बाहेरच्या बाकावर बसून होत्या. मग पोरीने अंग धरलं.

बाळाच्या सहाव्या महिन्यात नवसारीहून जावई गाडी घेऊन दोघींना न्यायला आले. शंभर सूचना होणार म्हणून मी तयारीतच होते, पण जाऊबाई काहीच बोलल्या नाहीत. नातीच्या टाळूला नाक लावून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि तिला त्यांनी मेघनाच्या मांडीवर ठेवलं. गाडी सुरू होताच मेघनाच नवऱ्याला सांगू लागली, काच वर घ्या, सावकाश चालवा, हायवेला ट्रक असतात, ती उठली तर लगेच थांबवा. गाडी वळणाआड गेली तरी जाऊबाई फाटकापाशीच उभ्या होत्या.

"ऐकलंस?" त्या म्हणाल्या. "सगळं तीच बघणार आता." मग माझा हात धरून पायरी चढता चढता त्यांनी हळूच विचारलं, "मी काय करू गं?"