सेटनानांचा लाल गोल

आमच्या नानांना इंग्रजीतला एकच शब्द येत होता, आणि त्या एका शब्दावर त्यांनी सत्तर वर्षं काढली. शब्द होता ‘सेट’. माणसं दोन-दोन भाषा शिकून गप्प बसतात. नाना एका शब्दावर चार माणसांना बोलू देत नसत. त्यांचं खरं नाव लग्नपत्रिकांपुरतं उरलं होतं. भडगावपासून धुळ्यापर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांत ते ‘सेटनाना’ होते. या नावामागे चेष्टा आहे हे त्यांच्या कधीच लक्षात आलं नाही. उलट, कुणी तशी हाक मारली की ते सफारीच्या खिशावर हात ठेवून हसत.

त्या खिशात दोन पेनं असायची, एक निळं आणि एक लाल. निळ्यातली शाई कधीच संपली होती. लाल पेन मात्र कायम चालू असे, कारण नाना त्याने लिहीत नसत, गोल काढत. पेपरात ओळखीच्या माणसाचं नाव आलं की त्याला गोल. पत्रिकेत ‘आपले विनम्र’च्या खाली स्वतःचं नाव दिसलं की त्याला दुहेरी गोल. गोलाच्या बाहेर काय छापलंय ते वाचायची त्यांना गरज वाटत नसे. वाचणं म्हणजे आपल्या कामाचा शब्द शोधणं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. इंग्रजी अक्षरांतला तसा शब्द एकच, ‘सेट’, पंपाच्या खोक्यावर पाहून पाहून ओळखीचा झालेला.

नाना माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. गिरणेकाठच्या आमच्या गावात त्यांची थोडी शेती होती, ती दुसरेच कुणीतरी बघत. नाना एस.टी.ने फिरत. आज जामनेर, उद्या धुळे, परवा जळगाव. कामधंदा काय, असं विचारलं तर म्हणत, “लोकेस्ना कामं सेट करस.” ते पैसे घेत नसत, हे कबूल करायला हवं. त्यांना हवा असे चहा, पहिल्या रांगेतली खुर्ची, आणि ‘नाना होते म्हणून झालं’ हे वाक्य. या वाक्यासाठी ते कुणाच्याही घरात, कुठल्याही भानगडीत चपला न काढता शिरत.

सेट या शब्दाचे नानांनी केलेले हाल मी लहानपणापासून पाहिले. विहिरीवरचा पंपसेट, लग्नात आलेला डिनर सेट, मामांच्या दातांचा सेट, इथपर्यंत सगळंच गाव बोलायचं. नाना पुढे जात. दही लागलं की दही सेट. म्हैस नवीन गवळ्याला धार देऊ लागली की म्हैस सेट. मुलीचं लग्न ठरलं की मुलगी सेट, आणि ती सासरहून परत आली की “तठली हवा तिले सेट नही व्हयनी.” सकाळी परसाकडून येताना तोंड वाकडं असेल तर “आज पोट सेट नही शे.” भरताच्या जेवणाला वांगी भाजायला बसलेल्या बायकांना उभ्याने सांगत, “तिखट सेट करा जरासं.” त्या बायका पदराआड हसत आणि आपल्याला टाकायचं तेवढंच तिखट टाकत. कुणी मेल्यावरही ते तिरडीजवळ उभे राहून, सगळं नीट बांधलंय असं बघून म्हणायचे, “बठ्ठं सेट शे, उचला.” हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि खांदा द्यायला वाकलेल्या एका माणसाचं हसू मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

एकदा आमच्या घरच्या टी.व्ही.वर नवीन सेट टॉप बॉक्स आला. नावातच सेट, म्हणजे ते काम नानांचंच. बसवायला आलेल्या माणसाला त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं आणि स्वतः घराच्या धाब्यावर चढले. तासभर वरून ओरडत होते, “दिसनं का? आते दिसनं का?” शेवटी दिसलं ते फक्त एक गुजराती चॅनेल. आठवडाभर आमच्या घरात गुजराती बातम्या आणि गुजराती स्वयंपाक चालू होता. आईने तक्रार केली तेव्हा नाना शांतपणे म्हणाले, “गुजराती बी शिकी ल्या मंग.” आपलं काही चुकलं, ही शंका त्या माणसाच्या डोक्याला शिवत नसे. मला त्यांचा राग यायचा तो यामुळे.

पुढे मी जळगावला इंग्रजी घेऊन एम.ए. झालो. कॉलेजात शिकवायचं तर सेट नावाची परीक्षा पास व्हावी लागते, तिचा अभ्यास करत होतो. हे नानांना कळलं त्या दिवशी त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही. पोट धरून हसले आणि म्हणाले, “सेटनी परीक्षा? आरे बापू, तठे माले बसाड!” मी पहिल्यांदा नापास झालो, मग दुसऱ्यांदा. प्रत्येक वेळी सगळ्या लग्नांतून, दहाव्यांतून त्यांनीच बातमी पोचवली, “पोऱ्या काही सेट होत नही.” ज्या माणसाला इंग्रजीत स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, तो माझ्या इंग्रजीची कीव करत होता. मी मनातल्या मनात त्यांना ‘अंगठाबहाद्दर’ म्हणायचो. सहीपुरतं शिकलेला, पण मुळात अंगठाच.

माझी थोरली बहीण अक्का तेव्हा जामनेर तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवत होती. तिचं शिकवणं असं की मुलं तिच्या तासाला शेतातून पळत यायची. तिच्या नेमणुकीला मान्यता मिळाली होती, पण त्याच जागेसाठी अर्ज केलेल्या दुसऱ्या एका बाईने त्या मान्यतेविरुद्ध दावा लावला. अक्काने धुळ्याचा एक वकील धरला. मेहुण्यांचं काम तेव्हा सुटलेलं होतं, दोन मुली शाळेत होत्या, आणि अक्काची ती नोकरी म्हणजेच त्यांचं घर होतं. हे सगळं ऐकून नाना जे उठले ते सरळ धुळ्याच्या गाडीत बसले. अक्काला म्हणाले, “तू शाया सोडी हिंडू नको. तारखास्ले मी जास. बठ्ठं सेट करी देसू.” अक्काला रजा मिळत नव्हती. ती हो म्हणाली. मी तेव्हा तिला अडवायला हवं होतं, पण धुळ्याच्या खेपा माझ्यावर येतील या भीतीने मीही गप्प बसलो.

निकाल लागला त्या दुपारी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नानांनी एक फोटो टाकला. निकालाच्या शेवटच्या पानाचा, जरा वाकडा काढलेला. पान इंग्रजीत होतं. खालून तिसऱ्या ओळीत एका शब्दाला लाल गोल केलेला होता, दुहेरी. फोटोखाली नानांनी बोलून टाईप केलेली एकच ओळ होती, ‘अक्कानं काम सेट’. ग्रुपवर अंगठ्यांचा आणि फुलांचा पाऊस पडला. संध्याकाळी नाना जामनेरला उतरले ते पेढ्यांचा पुडा घेऊनच. शाळेच्या शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना त्यांनी स्वतःच्या हाताने पेढा भरवला आणि प्रत्येकाकडून ते वाक्य वसूल केलं.

त्या रात्री अक्काचा मला फोन आला. ती मराठीची बाई, कोर्टाच्या इंग्रजीला बिचकायची. म्हणाली, “बापू, त्या फोटोमानं तू सोता वाचं ना?” मी म्हटलं, “हा अक्का, वाचं. सेट शे.” तिने ‘बरं झालं’ म्हणून फोन ठेवला.

दीड महिन्याने शाळेला टपालाने निकालाची प्रत आली. हेडमास्तरांनी अक्काला आत बोलावून सांगितलं, “ताई, उद्यापासून मस्टरवर सही करू नका.” तिने मला फोन केला. मी मोबाईलवर तो फोटो शोधला आणि बोटांनी मोठा केला. लाल गोलाच्या आत ‘सेट’ होता. गोलाच्या बाहेर, अगदी चिकटून, ‘असाइड’ होता. नेमणुकीला दिलेली मान्यता सेट असाइड करण्यात येत आहे. रद्द. अपिलाला महिन्याची मुदत होती, ती पेढे खाऊन पंधरा दिवसांपूर्वीच संपली होती.

मी वकिलाकडे धावलो. वकील म्हणाले, “अहो, मी त्याच दिवशी तुमच्या नानांना सांगितलं होतं, ताईंना ताबडतोब भेटायला पाठवा म्हणून. ते म्हणाले, हो हो, पेढे घेऊनच येतील.” उशीर माफ व्हावा म्हणून अर्ज केला, तो फेटाळला. तोवर त्या जागेवर दावा लावणारी बाई रुजूही झाली होती.

तिथून मी थेट नानांच्या ओट्यावर गेलो. त्यांच्यासमोर फोन धरला आणि त्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ सांगितला. नानांनी चष्मा वर केला, फोटो निरखून पाहिला आणि म्हणाले, “आरे पन सेट लिखेल शे ना?” मी म्हटलं, असाइड म्हणजे बाजूला, बाजूला सारलं तिला. त्यावर त्यांचा चेहरा उजळला. “मंग बराबर शे. बाजूले सेट करं म्हंजे जपी ठेवं तिनासाठे. आते तठे कोनी हात लावाव नही.” मी इतक्या डिक्शनऱ्या उलट्यापालट्या केल्या आहेत, त्या शब्दाचा हा अर्थ मला कुठे सापडला नाही. त्या क्षणी मला त्या माणसाची किळस आली. तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं, आणि पुढची सहा वर्षं त्यांच्याशी बोललो नाही.

अक्का जळगावला मेहरूणमध्ये राहायला आली. दोन खोल्या, त्यातली एक क्लासला. नाना तिथेही जायचे. येताना गावाकडची केळी आणायचे, खुर्चीवर बसून म्हणायचे, “क्लास बेस सेट व्हयना तुना.” आणि अक्का त्यांना चहा करून द्यायची. एकदा मी तिथे असतानाच ते आले. मी उठून आतल्या खोलीत गेलो आणि ते गेल्यावर अक्कावर चिडलो. ज्याने तुझं घर बुडवलं त्याला तू बशीतून बिस्किटं देतेस? अक्का वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, “त्यास्ले काय बोलस तू? त्यास्ले इंग्रजी येत नही, बापू.”

तिने पुढची वही ओढली.

मधल्या काळात तिसऱ्या खेपेला मी सेट पास झालो आणि भडगावकडच्या एका कॉलेजात लागलो. आता वर्गात मी हाच शब्द शिकवतो. सूर्य सेट होतो, टेबल सेट करतात, घड्याळाचा गजर सेट करतात, प्रवासाला निघणं म्हणजे सेट ऑफ. असाइडपाशी आलो की मी फळा पुसायला घेतो.

नाना गेल्या उन्हाळ्यात गेले. पडून खुब्याचं हाड मोडलं होतं, डॉक्टर म्हणत होते की वयामुळे सेट व्हायला वेळ लागेल. ते ऐकून नाना खूश झाले होते म्हणे. अंत्ययात्रेला मी गेलो. तिरडी बांधून झाली तरी सगळे उभेच राहिले, कारण उचला म्हणणारा माणूस तिरडीवर होता. तेव्हा मला त्यांची आठवण आली, आणि हे लिहायला मला लाज वाटते.

घरी आल्यावर ग्रुपवर श्रद्धांजलीचे निरोप येत होते. मी मागे मागे जात तो जुना फोटो काढला. लाल गोल तसाच होता. अक्काच्या पोरींच्या शाळेचे दाखले, लग्नं, बारशी, सगळ्याच्या मागे जाऊनही तो तिथेच होता. त्याच्याखाली अंगठे. काकांचा, मावशीचा, मेहुण्यांचा, अक्काचाही. इंग्रजी न येणाऱ्या माणसांचे अंगठे. सगळ्यांच्या वर, फोटो पडल्या मिनिटाला उमटलेला पहिला अंगठा होता माझा.