खिडकीतली वाटी

आज फ्रिजमागे एक सडका टोमॅटो सापडला आणि त्या आंबूस वासासरशी वडिलांची वाटी आठवली. गंगापूर रोडच्या घरामागे ते गावठी टोमॅटो लावायचे, शेवटचं पिकलेलं फळ बियाण्याला राखायचे आणि त्याचा बियांसकट गर वाटीत आंबवत ठेवायचे. ते गेले त्या दिवशीही खिडकीत अशी वाटी होती, आणि वाफ्यात दुसरं फळ उरलं नव्हतं. त्यांना नेल्यावर आत्याने रीतीप्रमाणे घरातलं शिजलेलं अन्न आणि भरलेलं पाणी टाकून दिलं, त्यात नासलेलं समजून ती वाटीही मोरीत ओतली. आई बघत होती. दहाव्याला गोदाकाठी पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढत गेलं तसे काका म्हणाले, "वहिनी, दादाचं काही राहिलंय का? बोला तुम्ही." आई पिंडाशी वाकली आणि हात जोडून म्हणाली, "बी धुऊन वाळत घातलंय. यंदा मी लावते. तुम्ही निघा आता." कावळा लगेच उतरला. घरी आल्यावर आई कितीतरी वेळ मोरी घासत बसली. टोमॅटो तिने पुन्हा कधी लावला नाही. आता ती बाजारातून यायच्या आत हा वास जायला हवा, म्हणून मी सगळ्या खिडक्या उघडल्या आहेत.