पोपटराव आबांनी पाहिलेलं पहिलं नाटक

निमोण्याच्या पोपटराव आबांनी शिरूर-चौफुला रस्त्यावरच्या रंगमंदिरात उभी हयात घालवली, पण नाटक म्हणून एक पाहिलं नव्हतं. खोटं वाटतंय? अहो, पुढची रांग नाटकाला बसते कुठं! नारळ, सत्कार, भाषणं झाली की मान्यवर मागं जेवायला जातात आन् तिथनंच गाडीत बसतात.

पूर्वी इथं माळ होता, तमाशाच्या राहुट्या पडायच्या. मग पत्र्याचं शेड आलं, मग गुबगुबीत खुर्च्या. शिरूर आन् दौंड, दोन्ही तालुक्यांनी मिळून बांधलं. म्हणून रीतच पडली, शिरूरच्या एकाला शाल घातली की दौंडच्या एकाला घालायचीच. जोडी चुकली की रुसवा ठरलेला! ही रीत आबांचीच, आन् शेवटी बोलायचा मानही आबांचाच. 'दोन शब्द बोलतो' म्हणायचे आणि माईक काही सोडायचे न्हाईत.

यंदा त्यांची नात सायली कॉलेजच्या नाटकात होती. "आबा, तिसऱ्या अंकात माझी एन्ट्री हाय. सहाला हॉल साखरपुड्याला द्यायचाय. तुमच्या सत्कारांत माझा अंक गेला, तर बोलणार न्हाई तुमच्याशी!"

आता आली का पंचाईत! कार्यक्रम सुरू झाला, शाली पडू लागल्या. त्यात शिरूरचा एक पाहुणा उशिरा आला. त्याला जोड म्हणून दौंडकडच्या भांडगावच्या जीपच्या ड्रायव्हरला धरून फेटा बांधला. तो बिचारा नुसता लघवीला आत आला होता. मग दौंडचे पुढारी आनंदराव बोलायला उठले ते बसेचनात. घड्याळ पुढं पळतंय आन् आबा सारखे मनगट बघतायत.

अखेर माईक आबांच्या हातात आला. घसा तीनदा खाकरून ते म्हणाले, "मंडळी, मागं मटण लागलंय. गरम हाय तवर घ्या."

अख्खी पुढची रांग उठली. आनंदराव तर सगळ्यांच्या पुढं. पोरांच्या नाटकाला जेवण कुठलं आलंय? मागं साधी चूलही पेटली नव्हती.

पडदा उघडला. पहिल्या रांगेत आबा एकटेच, ऐसपैस. तिसऱ्या अंकात लग्नाच्या मांडवात सायली पुढारी होऊन आली. मिशी, फेटा. घसा तीनदा खाकरून म्हणाली, "वेळ कमी हाय, दोनच शब्द बोलतो." आन् जी सुटली! भटजी झोपला, अक्षता मुंग्यांनी नेल्या, नवरदेवाची दाढी पिकली, तरी पुढारी बोलतोयच.

"हा तर आनंदराव!" म्हणत आबा मांडीवर थापा मारून हसले. मग फेट्याकडं लक्ष गेलं. फेटा घरचा होता, आबांचाच. मागं बघतात तर सगळं थिएटर त्यांच्याकडं बघून हसतंय. आबांचे कान तापले. लई लागलं त्यांना. उठून जावं म्हणून त्यांनी खुर्चीचे हात धरले.

सायलीनं ते पाहिलं. बोलता बोलता अडखळली, मिशी थरथरली. पोरगी घाबरली होती.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं आन् दोन अंक मटणाची वाट बघून कावलेले उपाशी मान्यवर आत घुसले. "पोपटराव!" आनंदराव ओरडले. "मटण कुठं हाय?"

आबा उठले, मागं वळले आणि खेकसले, "खाली बसा आन् गप ऐका! माझी नात बोलतीया."